नोंद क्रमांक सहाशे अठरा

समितीने बाईंना निवडले, कारण समितीतल्या उरलेल्या चौघांना वाचण्याचा कंटाळा होता. कार्यवृत्तात याचे वर्णन ‘बाईंचा दीर्घ अनुभव लक्षात घेता’ असे केले होते.

बाई शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात आरेखन विभागाच्या प्रमुख होत्या. जमिनीखालचे नळ, जोड आणि व्हॉल्व्ह नकाशात कुठे दाखवले आहेत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्यक्षात ते तिथे नसतात, हेही त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. अशा व्यक्तीकडे सोमवारी सकाळी एक जाड बाड आले. कार्यालयातल्या सर्व संगणकांचा रोज बॅकअप घेणारी, आणि काही बुडालेच तर ते परत आणून देणारी नवी प्रणाली घ्यायची होती. तीन कंपन्यांचे प्रस्ताव होते. त्यांतला एक बाईंनी निवडायचा, शुक्रवारी सही करायची, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता कोपऱ्याच्या खोलीतला जुना सर्व्हर भंगारात जायचा, असे ठरले होते. भंगाराच्या गाडीची वेळ आधी ठरली होती. बाकीचे निर्णय तिच्या सोयीने घ्यायचे होते.

बाडात चौऱ्याहत्तर ओळींचा तुलना-तक्ता होता. डावीकडे गुण, उजवीकडे तीन रकाने. तिन्ही रकान्यांत चौऱ्याहत्तर वेळा ‘होय’ लिहिलेले होते. बाईंनी तो तक्ता आधी वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. चाळीस वर्षे छापील अक्षरावर पोसलेल्या त्यांच्या मेंदूला इतके निर्दोष आणि इतके निरर्थक लेखन एकाच ठिकाणी पाहण्याची सवय नव्हती.

“तुमचं किती तासांचं काम गेलेलं चालेल?” पहिल्या कंपनीच्या टायवाल्या गृहस्थांनी विचारले.

“चालणार नाही.”

“तसं नाही बाई, इथं एक आकडा लागतो. चोवीस तास, बारा तास, असं काहीतरी.”

“तुमच्या घरातली किती माणसं गेलेली चालतील, असं मी विचारलं तर आकडा सांगाल?”

टायवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि चौकटीत ‘चार’ लिहिले. तासांचीच चौकट होती ती. पण बाईंना दिवसभर कसेतरी वाटत राहिले.

दुसऱ्या कंपनीचे गृहस्थ पडद्यावर एक निळा ढग दाखवत होते. त्या ढगात सगळे काही सुरक्षित असते, असे ते म्हणाले. तो ढग कुठे असतो, असे बाईंनी विचारले. “कुठंही,” ते म्हणाले. उत्तर खरे असावे, कारण ते त्यांनी अत्यंत अभिमानाने दिले. तिसऱ्या कंपनीकडून एक मुलगी आली होती. तिच्याकडे ना टाय होता ना ढग. बाईंच्या तीन प्रश्नांपैकी दोहोंना तिने “माहीत नाही, करून बघावं लागेल” असे उत्तर दिले. समितीतल्या एकाने बाईंच्या कानात सांगितले, की ही मुलगी अगदीच कच्ची दिसते.

बाईंना या साऱ्यातून एकच गोष्ट वाचवायची होती. ती गोष्ट म्हणजे मामांच्या नोंदी.

मामा म्हणजे बाईंच्या आईचे धाकटे भाऊ. सख्खे मामा. पण कार्यालयातही सगळे त्यांना मामाच म्हणत, कारण सदतीस वर्षे या शहरातले व्हॉल्व्ह उघडण्याचे आणि बंद करण्याचे काम त्यांनी केले होते, आणि त्या सदतीस वर्षांत रस्ते तीनदा उंच झाले, फुटपाथ दोनदा सरकले, व्हॉल्व्हची लोखंडी झाकणे डांबराखाली गाडली गेली. नकाशे जिथल्या तिथे राहिले. कुठे नळ फुटला की अभियंते नकाशा उघडत आणि मुकादम मामांना हाक मारत. मामा येत, एखाद्या पायरीपाशी उभे राहत, पावले मोजत आणि टाच आपटून म्हणत, “खणा इथं.” निवृत्तीनंतर ते बाईंकडेच राहायला आले, तेव्हा बाईंनी दोन वर्षे रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवून एकेक व्हॉल्व्ह लिहून घेतला. अकराशे चाळीस नोंदी. कागदावर नाही, थेट संगणकात, कारण मामा बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करत आणि कागदाची नुसती चाळण झाली असती.

त्या गोष्टीला सहा वर्षे झाली होती. आता मामांना सकाळी खाल्लेले दुपारी आठवत नव्हते, आणि बाईंना ते कधी भाची म्हणून ओळखत, कधी त्यांच्या आईच्या नावाने हाक मारत. त्यांच्या डोक्यातले शहर आता त्या अकराशे चाळीस नोंदींतच काय ते उरले होते.

मंगळवारी सकाळी चहा पिताना मामा एकाएकी म्हणाले, “पोरी, त्या जुन्या छापखान्याचा व्हॉल्व्ह तू चुकीचा लिहिलायस.”

बाई थबकल्या. “कुठला?”

“चढावरचा. सगळ्या उताराचं पाणी त्यानं बंद होतं. पायरीपासून उजवीकडे चार पावलं. उजवीकडे. मी स्वतः बसवलाय तो.”

नजर स्वच्छ, आवाज खणखणीत. मामांचा असा आवाज बाईंनी वर्षभरात ऐकला नव्हता. त्या ऑफिसात पोचल्या, पर्स खांद्यावर असतानाच नोंद क्रमांक सहाशे अठरा उघडली, तिथली ओळ खोडली आणि लिहिले: ‘पायरीपासून उजवीकडे चार पावले.’ जुनी ओळ त्यांनी धड वाचलीही नाही. ‘डावीकडे’ असे काहीतरी होते, आणि पुढे पावलांचा आकडा. आनंदाच्या भरात माणूस कसे वाचतो, ते त्यांना इतकी वर्षे इतरांच्या चुका काढताना कळायला हवे होते.

संध्याकाळी मामा म्हणाले, “छापखाना? कुठला छापखाना?” आणि थोड्या वेळाने, “डावीकडे असेल. मला काय विचारतेस, मी तिकडं कधी गेलोच नाही.”

दोन वर्षे शुद्धीवर असलेल्या माणसाने सांगितलेले त्यांनी एका सकाळच्या लहरीसाठी पुसून टाकले होते. मात्र रात्री झोपण्यापूर्वी त्यांना धीरही आला: बॅकअप नावाची गोष्ट याचसाठी तर असते.

बुधवारी त्या टिकमास्तरांकडे गेल्या. टिकमास्तर संगणक विभाग सांभाळत. खरे नाव कोणी घेत नसे. रोज सकाळी बॅकअप झाल्याची हिरवी खूण पडद्यावर दिसली, की ते एका लांबोळ्या वहीत हिरव्या शाईने बरोबरची खूण करत, त्यावरून हे नाव पडले होते. सहा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. वही पाहुण्यांना दाखवली जाई.

“रविवारची सहाशे अठरा हवी? इतकंच ना?” ते हसले. “बाई, तुम्ही पाणी मागितलंत आणि मी विहीर राखून बसलोय.”

दोन मिनिटांत रविवारची प्रत परत आली. बाईंनी ती उघडली. पडद्यावर लिहिले होते: ‘पायरीपासून उजवीकडे चार पावले.’

“ही मंगळवारची आहे,” बाई म्हणाल्या.

“रविवारची. ही बघा तारीख.”

तारीख रविवारचीच होती.

“त्याच्या आधीची काढा. मागच्या वर्षीची.”

मागच्या वर्षीची आली. उजवीकडे चार पावले. मास्तरांनी आपणहून उत्साहाने सहा वर्षांपूर्वीची, अगदी पहिल्या महिन्यातली प्रत काढून दिली. उजवीकडे चार पावले.

“म्हणजे पहिल्यापासून उजवीकडेच होतं की,” मास्तर म्हणाले. “तुम्ही बदललं असं तुम्हाला वाटलं असेल. होतं असं. माझी बायको गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघून येते.”

बाई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. समोर चौऱ्याहत्तर ओळींचा तक्ता होता आणि त्यातले ‘होय’ आता त्यांच्याकडे पाहून डोलल्यासारखे वाटत होते. मंगळवारी सकाळी आपण ओळ खोडली होती. पर्स खांद्यावर होती, पट्टा हातावरून घसरत होता, हेही आठवत होते. मग सहा वर्षांपूर्वीच्या प्रतीला मंगळवारची सकाळ कशी माहीत? आणि ती ओळ मुळातच तशी असेल, तर आपण नेमके काय खोडले? मामांचे आजारपण रक्तातून येते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्यांचे स्वतःचे वय बावन्न होते. त्यांनी स्वतःला सकाळच्या भाजीचे नाव विचारले आणि ते पटकन आठवले. तरी बरे वाटेना, कारण वेड्यांनाही भाजीचे नाव आठवत असावे.

त्या दिवशी तिन्ही कंपन्यांनी आपापल्या प्रणालीची चाचणी दाखवली. तिघांनीही नोंदींच्या फोल्डरची प्रत घेतली, परत आणली, उघडून दाखवली. तिन्ही वेळा सहाशे अठरा उघडली आणि तिन्ही वेळा ती ‘उजवीकडे’ म्हणाली. समितीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी कार्यवृत्तात ‘चाचणी पूर्णतः यशस्वी’ असे लिहून घ्यायला सांगितले. आयुष्यभर परिशिष्टांसह ग्रंथ वाचणाऱ्या बाई एकट्या गप्प बसल्या होत्या, आणि सगळ्यांचे एकमत होत असताना आपल्याला काहीच कसे कळत नाही, याचा त्यांना मनातून थंड, स्थिर असा संताप येत होता. तो कोणावर काढावा, हे मात्र ठरत नव्हते. समितीवर काढावा, तर समितीच्या हाती पुरावा होता. स्वतःवर काढावा, तर त्याला आधी आपण शुद्धीवर असल्याची खात्री हवी.

घरी गेल्यावर त्यांनी मामांना विचारले, “मामा, मी विसरायला लागलेय का?”

मामांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. “ते मला विचारतेस? कमाल आहे तुझी.” आणि दोघेही पुष्कळ वेळ हसत बसली. हसण्याचे कारण मामा लगेच विसरले, म्हणून ते बाईंहून अधिक वेळ हसले.

गुरुवारी सकाळी पाऊस नसताना बाई छत्री घेऊन निघाल्या आणि बसमध्ये विसरल्या. निळी छत्री होती. ऑफिसच्या पायऱ्या चढताना त्यांना ती आठवली, आणि त्याच पायरीवर त्या थांबल्या. पुस्तकाच्या दोन प्रतींपैकी कोणती जुनी हे ठरवायचे असेल, तर पंडित काय करतात? जुन्या प्रतीला जे माहीतच असू शकत नाही, असे काहीतरी शोधतात.

त्यांनी नोंद सहाशे अठरा उघडली आणि व्हॉल्व्हच्या वर्णनाखाली लिहिले: ‘आज मी निळी छत्री बसमध्ये विसरले.’ फाइल साठवली आणि मास्तरांकडे गेल्या.

“सहा वर्षांपूर्वीची प्रत पुन्हा काढा.”

“पुन्हा? बाई, ती काय आता बदलणार आहे?”

“काढा तर.”

मास्तरांनी प्रत काढली, उघडली, आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. “पायरीपासून उजवीकडे चार पावले. आज मी निळी छत्री...” ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ही छत्री सहा वर्षांपूर्वीची का?”

“तासाभरापूर्वीची.”

बाईंना जे सुटल्यासारखे वाटले त्याला शब्द नव्हता. आपण वेड्या नाही हे कळले होते, पण मग वेडे कोण, हे अजून कळायचे होते. त्या कोपऱ्याच्या खोलीत गेल्या आणि जुन्या सर्व्हरच्या पाठीमागून नेटवर्कची केबल उपसून काढली. मागून लागलीच तीन खोल्यांतून हाका आल्या: “बाई, नोंदी उघडत नाहीत.” “बाई, तुमचं काहीतरी गेलं.” त्या परत आल्या. “आता उघडा तुमची प्रत.”

मास्तरांनी उघडली. पडद्यावर आले: मूळ फाइल सापडत नाही.

आणि बाईंना आपलाच नियम आठवला.

आरेखन विभागात नकाशाची मूळ प्रत कपाटाबाहेर काढायची नाही, असा नियम फार जुना. कोणाला नकाशा लागला, तर त्याच्या खणात एक चिठ्ठी ठेवायची: मूळ अमुक कपाटात, अमुक खणात. संगणक आले तेव्हा हाच नियम बाईंनी स्वतः, मोठ्या निष्ठेने, संगणकाला शिकवला. नोंदींच्या अधिकृत फोल्डरमध्ये एकही नोंद नव्हती. होते ते फक्त शॉर्टकट, म्हणजे चिठ्ठ्या, ज्यांवर टिचकी मारली की सर्व्हरवरची मूळ फाइल उघडे. मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, आणि त्या फोल्डरला बाईंनी नाव दिले होते: ‘मूळ. हात लावू नये.’

“तुम्ही ‘मूळ’ची प्रत घेत नव्हता?” बाईंनी विचारले.

मास्तर दुखावले. “तुम्हीच लिहिलंय की, हात लावू नये म्हणून. मी कशाला लावतोय?”

सहा वर्षे, एकही दिवस न चुकता, त्या माणसाने अकराशे चाळीस चिठ्ठ्यांची प्रत घेतली होती. प्रत्येक प्रत बिनचूक होती. प्रत्येक प्रत त्याच एका सर्व्हरकडे बोट दाखवत होती. आणि शुक्रवारी तीन वाजता तो सर्व्हर भंगाराच्या गाडीत चढणार होता.

शुक्रवारी समितीपुढे बाईंनी सारे सांगितले. नियम आपला होता, फोल्डरचे नाव आपण दिले, हेही सांगितले. ते सांगताना आवाज बदलला नाही.

“पण चाचणी तर यशस्वी झाली,” अध्यक्ष म्हणाले. “आपण टाळ्याही वाजवल्या.”

“चिठ्ठीसाठी वाजवल्या, साहेब.”

“हे कार्यवृत्तात कसं घालायचं? एकदा यशस्वी लिहिल्यावर?”

“मग घालू नका. पण सर्व्हर बंद करून नोंदी उघडून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“गाडी तीनला येणार आहे, बाई.”

“गाडीला चहा पाजू.”

टायवाले म्हणाले, की त्यांची प्रणाली सांगाल त्याची प्रत घेते, आणि त्यात ही सुविधा आहेच. ढगवाले म्हणाले, की त्यांचीही घेते. पंचाहत्तरावी ओळ असती तर तिथेही दोघांनी ‘होय’ लिहिले असते. बाई तिसऱ्या कंपनीच्या मुलीकडे वळल्या. “सर्व्हर बंद असताना तुमच्या प्रतीतून उघडेल?”

“माहीत नाही,” मुलगी म्हणाली. “तुमच्याकडं काय काय कुठं कुठं ठेवलंय, ते बघितल्याशिवाय कसं सांगू? करून बघू.”

“हिला घ्या,” बाई म्हणाल्या. चौऱ्याहत्तर ओळींच्या तक्त्याच्या निर्णयाला लागलेला वेळ एवढाच.

‘मूळ’ला सहा वर्षांत प्रथमच हात लागला. प्रत घेतली गेली. मग बाईंनी स्वतः सर्व्हर बंद केला, त्याच्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि परत आणलेल्या नोंदी उघडायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, दहा-वीस बघितल्या तरी पुरे. बाईंनी अकराशे चाळीसही उघडल्या. गाडीचा चालक व्हरांड्यात तिसरा कप घेत होता. सहाशे अठराही उघडली: उजवीकडे चार पावले. आज मी निळी छत्री बसमध्ये विसरले.

“याच्या आधीची ओळ मिळेल?” बाईंनी अगदी हळू विचारले. “मंगळवारच्या आधीची?”

मुलीने सर्व्हर पुन्हा चालू केला, त्याच्या पोटात तासभर धुंडाळले. “नाही,” ती म्हणाली. “तिची प्रत कधी झालीच नव्हती.”

कार्यवृत्तात समितीने लिहिले, की निवड एकमताने झाली. टिकमास्तरांनी वहीत त्या दिवसाची हिरवी खूण केली. मात्र आधी बाईंच्या टेबलाशी येऊन विचारून गेले, की करू ना.

घरी मामा खिडकीपाशी बसले होते. बाईंनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, सहा वर्षांपूर्वी ओढत असत तशीच.

“मामा, छापखान्याचा व्हॉल्व्ह. तुम्ही सांगितलेलं माझ्याकडून खोडलं गेलं.”

मामा म्हणाले, “मग मला का विचारतेस? मी तुझ्याकडं ठेवायला दिलं होतं ना?”

त्यात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावे, तसे त्यांनी सांगितले. थोड्या वेळाने त्यांनी चहा झाला का, असे विचारले.

सोमवारी बाईंनी नोंद सहाशे अठरा नव्याने लिहिली. मंगळवारी सकाळी मामा काय म्हणाले आणि संध्याकाळी काय म्हणाले, दोन्ही, तारीख-वेळेसह. पूर्वीची ओळ माझ्या चुकीमुळे उपलब्ध नाही, असे खाली लिहिले आणि स्वतःचा हुद्दा घातला. छत्रीची ओळ खोडायला बोट कळफलकापर्यंत गेले होते, पण त्यांनी ती राहू दिली. या साऱ्या प्रकरणात खरे बोलणारी साक्षीदार तेवढी एकच होती. शेवटी, पुढेमागे फुटलेल्या नळापाशी फावडे घेऊन उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसांसाठी, त्यांनी लिहिले:

‘दोन्हीकडे खणावे.’